बोलण्यापुरता फोन

आमच्या एकत्र कुटुंबात माणसे सात आणि फोन सहा. सातवे माणूस म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. ती अजून शाळेत आहे म्हणून तूर्त सुटली आहे. पूर्वी घराची ऐपत दावणीच्या जनावरांवरून मोजत. आता ती भिंतीवर लोंबकळणाऱ्या चार्जरांवरून मोजायला हरकत नाही. जनावरांना वैरण लागे, यांना रिचार्ज लागतो. वैरण निदान एका वेळी सगळ्यांना टाकता येई. या सहा जणांची मात्र भुकेची वेळ वेगळी. एकाचे दिवस तीन तारखेला संपतात, दुसऱ्याचे अकराला, तिसऱ्याचे नेमके संकष्टीला.

बँकेत तेहेतीस वर्षे खतावणी केल्यामुळे घरचा हिशेब माझ्याकडे आहे. मी, सौ. आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या असे तिघे बेळगावात राहतो. आई, भाऊ, भावजय आणि पुतणी गावाकडे. घरे दोन, पण वही एकच. त्या वहीत किराणा, दूध, खत-बियाणे, औषधे यांच्या रांगेत 'फोन' हे सदर कधी आले ते मला नेमके सांगता येईल. पण ते इतके फुगले कधी, हे मात्र २०२४ च्या जुलैत सगळ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले तेव्हा ध्यानात आले. त्या वर्षअखेर मी सदराची बेरीज मारली. चार फोनांना दर अठ्ठावीस दिवसांनी ३४९ रुपये, दोघांना १९९. एका फेरीचे १७९४ रुपये. आणि वर्षात अशा फेऱ्या बारा नव्हेत, तेरा. बेरीज २३,३२२ रुपये. भावाच्या खतापेक्षा हे सदर मोठे झाले होते. शेतात खत टाकले तर निदान भात तरी येते!

तेरा फेऱ्यांची ही गंमत आधी सांगून टाकतो. आपला महिना तीस-एकतीस दिवसांचा, पगार महिन्याला, दूधवाल्याचे बिल महिन्याला, घरभाडे महिन्याला. फोनचा महिना तेवढा अठ्ठावीस दिवसांचा. बारा महिन्यांत मिळून जे एकोणतीस दिवस उरतात त्यात तेरावा महिना बसतो. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला वाण देऊन जातो. हा अधिक मास दर वर्षी येतो आणि घेऊन जातो. २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले की निदान एक तरी योजना पुऱ्या तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी ठेवा. त्याप्रमाणे योजना आल्या. पण दुकानदार विचारल्याशिवाय त्या सांगत नाही, आणि विचारायचे तर त्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

तरुण वाचकांना वाटेल की म्हातारा पाच-पन्नास रुपयांसाठी कुरकुरतो आहे. पण आमच्या पिढीने बोलण्याची किंमत घड्याळ लावून मोजली आहे. नव्वदच्या दशकात खडेबाजारातल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री अकराला रांग लागे, कारण अकरानंतर दर पावपट होत असे. मुंबईला असलेल्या थोरल्या बहिणीला शनिवारी फोन करायचा तर जेवणे उरकून, मफलर गुंडाळून निघायचे. काचेच्या खोक्यात शिरले की नजर समोरच्या लाल आकड्यांवर. "बरे आहात ना? पोरं बरी आहेत ना? पैसे मिळाले का?" एवढे होईपर्यंत आकडा पुढे सरकलेला असे. मनातले राहिलेले पत्रात लिहायचे. त्या काळात पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळे आणि त्यावर मनातले बसत असे.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी घेणाऱ्याला पैसे पडत. फोन वाजला की धस्स व्हावे अशी ती वस्तू. आमच्या शाखेत कर्ज घ्यायला येणारा एक कंत्राटदार कमरेला तो लावून येई. वाजला की बंद करी आणि आमच्याच टेबलावरून उलट फोन लावी. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, आणि माझ्या मते देशातला खरा मोबाईल त्या वर्षी जन्मला. ज्याच्याकडे बोलायला पैसे नाहीत त्यालाही ऐकायला मिळू लागले. मग मिस कॉलची लिपी निघाली. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर, तीन म्हणजे एसटी चुकली. भावाने शेतातल्या पंपासाठी वेगळीच खूण ठेवली होती, कारण वीज कधी येईल ते सांगणारा गडी एक रुपयाही खर्च करायला राजी नसे.

आम्हा सीमेवरच्या लोकांना या सगळ्यात एक जास्तीचा दर होता. टेलिफोनवाल्यांनी देशाची जी मंडळे पाडली त्यात गोवा आणि महाराष्ट्र यांचे एक मंडळ, मुंबईचे स्वतंत्र आणि बेळगाव कर्नाटकात. त्यामुळे एके काळी पणजीहून चंद्रपूरला मोबाईल लावला तर तो जवळचा, आणि बेळगावहून शिनोळीला लावला तर परमुलखातला. शिनोळी आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात. बाची संपले की शिनोळी लागते. आमच्या गावाची तर याहून मजा. परसात उभे राहिले तर फोन कर्नाटकात, माडीवर चढले की महाराष्ट्रात. माडीवर फोन घेतला की रोमिंगचे पैसे कापले जात. भाऊ म्हणे, "दादा, सीमाप्रश्न जिन्यात सुटतोय बघ, पण दर पायरीला पैसे पडतात." मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने 'वन इंडिया' योजना काढून देशभर कुठेही मिनिटाला रुपया केला, आणि २०१६ नंतर जिओपाठोपाठ सगळ्यांनीच रोमिंगचे पैसे घेणे सोडले. तेव्हापासून माडीवर निवांत बोलता येते. जे काम आयोगांना आणि कचेऱ्यांना जमले नाही त्यातला एवढासा तुकडा धंद्याच्या चढाओढीने करून टाकला. एवढासाच, पण केला.

आता ज्याच्यामुळे मी या सदराकडे नुसता हिशेब म्हणून पाहू शकत नाही ते सांगतो.

आईचे माहेर चंदगड तालुक्यात. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, माहेरच्या शेजारच्याच गावात दिलेली. दोघींच्या घरांत अंतर पंचवीस किलोमीटर. मधे राज्याची हद्द. पूर्वी दोघी जत्रेला आणि भाऊबिजेला भेटत. २००६ साली 'लाइफटाइम' नावाची टूम निघाली. एकदा ९९९ रुपये भरा, येणारे फोन जन्मभर चालू. मी आईला असे एक कार्ड घेऊन दिले आणि नोकियाचा साधा, बटणांचा, डोक्यावर बॅटरी असलेला फोन दिला. आईचा नंबर मावशीच्या घरात चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशाने लिहिला गेला. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण तिची नात ते आकडे पाहून लावून देई. पुढे त्या नातीच्या फोनवर कितीही बोलले तरी चालेल अशी योजना आली, आणि रोज दिवेलागणीला मावशीचा फोन येऊ लागला. आईने कधी लावला नाही. तो येई आणि ती घेई. पंचवीस किलोमीटरवरच्या दोन म्हाताऱ्या काय बोलत? आमच्याकडे नाचणी किती झाली, तुमच्याकडे पाऊस कसा, कुणाची सून कशी, वेंगुर्ल्याकडच्या माणसाने बांगडा कितीला दिला. कधी कधी दोघी काहीच बोलत नसत. नुसता फोन कानाला. मी एकदा विचारले तर आई म्हणाली, "तिच्या चुलीवर भाकरी थापल्याला आवाज येतोय की. बोलायला कशाला पायजे?"

२०१८ च्या नोव्हेंबरात कंपन्यांनी ठरवले की नुसते ऐकणारे गिऱ्हाईक परवडत नाही. दर अठ्ठावीस दिवसांनी निदान पस्तीस रुपये भरा, नाहीतर आधी जाणारे आणि मग येणारेही फोन बंद. शिल्लक असताना सेवा तोडू नका, असे नियामक प्राधिकरणाने बजावल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. आईच्या कार्डावर सत्तर रुपये शिल्लक होते. तरीही तिच्या कंपनीने ते बंद केले. सूचना आली ती इंग्रजीत, आणि ती आईच्याच फोनवर. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचे एक चित्र, याहून तिला काही दिसले नाही. फोन पेटत होता, रेंजच्या काड्या पुऱ्या होत्या. भावाने शिल्लक तपासली, ती जागेवर होती. बिघडल्याची एकही खूण बाहेरून दिसत नव्हती.

त्याच आठवड्यात थंडीचा खोकला मावशीच्या छातीत उतरला. ती अंथरुणावरून रोज नातीला आईचा नंबर लावायला सांगे. नात लावी, पलीकडून एक बाई कन्नडमध्ये काहीतरी सांगे, मग तेच इंग्रजीत. चंदगडच्या त्या पोरीला दोन्ही कळत नव्हते. इकडे आई रोज दिवेलागणीला फोन मांडीवर घेऊन बसे. भाऊबिजेला दोघींत एका लुगड्यावरून थोडे शब्द झाले होते. अगदी थोडे, बहिणी-बहिणींत होतात तेवढे. आईला वाटले, धाकटी रुसली. तिकडे मावशीने सुनेला सांगितले, "थोरली फोन घेत न्हाई. अजून राग गेला न्हाई तिचा." आठ दिवस दोघी एकमेकींच्या रुसव्याची समजूत काढायची वाट पाहत राहिल्या. नवव्या दिवशी सकाळी मावशीचा पुतण्या मोटारसायकलवर निरोप घेऊन आला. आईला आम्ही नेले. तोंड पाहायला मिळाले. बोलायचे राहिले ते राहिलेच.

पस्तीस रुपयांची गोष्ट होती. कंपनीचे तरी काय, तिच्या लेखी तो एक न परवडणारा क्रमांक होता. पण वहीत मी तेव्हापासून हे सदर वेगळ्या शाईने लिहितो.

बारा दिवस झाल्यावर आई म्हणाली, "हा फोन दे टाकून." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नको. नंबर हाच राहू दे. तिच्या भिंतीवर हाय." कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय आपल्याकडे २०११ च्या जानेवारीत देशभर सुरू झाली. 'पोर्ट' शब्द आणि नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवायचा, येणारा सांकेतिक क्रमांक आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे, की चार-आठ दिवसांत काम. सोय फार चांगली आहे आणि तिच्यासाठी कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत. आईचा नंबर असा दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि दर अठ्ठावीस दिवसांनी आठवणीने रिचार्ज मारणे हा आमच्या घरातला, देवाला दिवा लावण्यासारखा, नेम झाला.

इथे एक नियम सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नंबर जिवंत असणे आणि नंबर बोलता असणे या दोन निराळ्या गोष्टी. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. कार्डावर वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी तीस दिवस ठेवते. पण हे नंबर मरण्याविषयी झाले. मुका तो त्याच्या कितीतरी आधी होतो. मुदत संपली की जाणारे फोन लगेच थांबतात, येणारे थोड्या दिवसांनी. घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याच्या फोनची मुदत घरातल्या दुसऱ्या एकाच्या फोनवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर, दोन्हीकडे असावी.

२०२४ च्या डिसेंबरात नियामक प्राधिकरणाने फर्मान काढले की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याची आणि संदेशांची निदान एक योजना प्रत्येक कंपनीने द्यावी, आणि अशा योजनेची मुदत नव्वदऐवजी वर्षभरापर्यंत ठेवता येईल. मी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून वहीत चिकटवली. तोवर स्थिती अशी होती की हॉटेलात नुसता चहा मागितला तरी थाळीचे पैसे द्यावे लागत. आईच्या १९९ रुपयांत दोन जीबी इंटरनेट येई. तिच्या फोनला ते कशाशी खातात हेही ठाऊक नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत योजना जाहीर झाल्या. एअरटेलने वर्षाचे १९५९ सांगितले आणि थोड्याच दिवसांत ते १८४९ केले. चौऱ्याऐंशी दिवसांचे ४६९. जिओचे चौऱ्याऐंशी दिवसांचे ४४८ आणि मोठ्या मुदतीचे १७४८. मी चष्मा पुसला, वही काढली. पुतण्या म्हणाला, "काका, सतराशे अठ्ठेचाळीस स्वस्त आहे, शंभर रुपये वाचतात." म्हटले, दिवस मोज. ते १७४८ होते तीनशे छत्तीस दिवसांचे, १८४९ पुऱ्या तीनशे पासष्टांचे. भागाकार केला तर पहिले दिवसाला पाच रुपये वीस पैसे पडते, दुसरे पाच रुपये सात पैसे. आकडा लहान तो महाग, मोठा तो स्वस्त. चौऱ्याऐंशी दिवसांचे ४६९ दिवसाला साडेपाचच्या वर जाते, आणि अठ्ठावीस दिवसांचे १९९ तर सात रुपये अकरा पैसे. ज्याला वाण्याकडे किलोचा भाव विचारायची सवय आहे त्याने फोनचा दिवसाचा भाव विचारावा. बाकीची जाहिरात वाचू नये.

याहून स्वस्त नाही का? होते. जिओने २०२३ च्या जुलैत ९९९ रुपयांचा एक बटणांचा फोन काढला आणि त्या फोनसाठीच अठ्ठावीस दिवसांचा १२३ रुपयांचा दर ठेवला. आईचा जुना फोन टू-जीचा. जिओचे कार्ड त्यात चालत नाही, म्हणजे नवा फोन घेणे आले. मी दोन्हींचा चार वर्षांचा हिशेब मांडला. बावन्न रिचार्ज गुणिले १२३ अधिक फोनचे ९९९, एकूण ७३९५ रुपये. आणि १८४९ गुणिले चार, ७३९६ रुपये. चार वर्षांच्या अखेरीस एक रुपयाचा फायदा! त्यातही चार-पाच दिवस कमी पडतात ते वेगळेच. ज्याला नवा फोन घ्यायचाच आहे आणि त्यावर थोडे इंटरनेटही हवे आहे त्याला तो सौदा उत्तम. पण आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती जुन्या फोनवरचा पाचाच्या बटणावरचा उंचवटा बोटाने चाचपून बाकीचे ओळखते. एका रुपयासाठी तिची बोटे नव्याने शिकवायची नव्हती. आणखी एक कंपनी दराने सगळ्यांत खाली होती, पण तिची रेंज आमच्या गावात विहिरीपर्यंत येते आणि घरात शिरत नाही.

पुतण्याने 'फॅमिली प्लॅन' सुचवला. एक बिल, चार फोन. जिओचा पहिल्या फोनला ४४९ आणि पुढच्या प्रत्येकाला १५०, म्हणजे चौघांचे ८९९. रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो, महिन्याच्या बिलात तो वरून लागतो. अठरा टक्के चढवले की १०६१ रुपये, माणशी २६५. ज्या घरात चौघेही दिवसभर इंटरनेट वापरतात त्यांना हे सोयीचे आहे. आमच्या घरात माणशी वापर सारखा नाही. आणि एक बिल थकले तर चौघे एकदम मुके, ही कल्पना मला सोसवली नाही.

शेवटी वाटणी अशी झाली. आई आणि भावजय यांना नुसत्या बोलण्याचे, १८४९. सौ.नेही तेच मागितले, कारण शहरातल्या घरी वायफाय आहे. बाजारात गेल्यावर तिला इंटरनेट नको असते, पिशवी धरायला माणूस हवा असतो. भावाला हवामान आणि मार्केट यार्डातले भाव पाहायचे असतात, मला बँकेचे व्यवहार. आम्हा दोघांना वर्षभरात तीस जीबी देणारे २२४९. म्हणजे वर्षाच्या इंटरनेटची किंमत ४०० रुपये निघाली. पुतण्याचा अभ्यास, आणि अभ्यासाच्या नावावर चालणारे बाकीचे, यासाठी त्याचे ३४९ तसेच ठेवले. बेरीज १४,५८२. वर्षाला ८७४० रुपये वाचले.

पण बेरीज मारून पेन खाली ठेवले आणि एक गोष्ट टोचली. हे पैसे वाचले ते माझ्या हुशारीने नव्हे. माझ्याकडे एका दिवशी दहा हजार रुपये भरायला होते म्हणून ते वाचले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी हाच हिशेब उत्साहाने सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "खरं हाय, काका. पण अठराशे एकदम कुठनं आणू? दोनशे जमत्यात." दिवसाला सात रुपये देणारी ती आणि पाच रुपये देणारा मी. चहाची पुडी रोज घेणाऱ्याला चहा महाग पडतो, हे आपण वाण्याच्या दुकानात पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. हवेतून जाणाऱ्या आवाजालाही तोच न्याय लागला. मग सौ.ने त्यांचे वर्षाचे भरले आणि महिना दीडशे पगारातून वळते करायचे ठरले. बाईंनीच तशी अट घातली. उगाच नको म्हणाल्या. ज्यांच्या हातात चार पैसे एकदम असतात त्यांनी शेजारच्या एका तरी घरासाठी एवढे करावे. यात दान काहीच नाही, नुसता अठ्ठावीस दिवसांचा फास सुटतो.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, गुणी पोरगा. आईचा नंबर सांगितला, वर्षाचे मार म्हटले. त्याने स्क्रीनवर बोट थांबवले. आईचे वय त्याला ठाऊक होते. हळूच म्हणाला, "काका, आजींना चौऱ्याऐंशी दिवसांचं मारूया का? मग बघून पुढचं..." पोराच्या मनात वाईट काही नव्हते, तो माझेच पैसे वाचवत होता. हिशेब तर मीही शिकलेला. आईलाही चौऱ्याऐंशीच पुरी झाली आहेत. त्या दुकानात उभा राहून मी पहिल्यांदाच असा भागाकार करत होतो ज्याचा भाजक कुणालाच ठाऊक नसतो. मी म्हटले, "थांब, विचारून सांगतो." आणि बाहेर येऊन आईलाच फोन लावला. काय विचारायचे, कसे विचारायचे, काही ठरले नव्हते. नुसतेच म्हटले, "आई, तीन महिन्यांचं भरू की वर्षाचं?"

"किती पडतंय?"

सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. परसातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वर्षाचंच भर की," ती म्हणाली. "एवढं पैसं भरल्यालं हायत म्हटल्यावर मला राहायला पायजे न्हवं? भरल्यालं वाया घालवायची सवय न्हाई मला."

मी आत जाऊन १८४९ रुपये मोजले.

मावशीची ती नात आता कोल्हापूरला दिलेली आहे. तिचा फोन अजून दिवेलागणीलाच येतो. बाळाचे रडणे, कुकरची शिट्टी, सगळे ऐकू येते. आई फारसे बोलत नाही. गावाकडे स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेले असते, त्यावर दूध न आलेल्या दिवसांच्या फुल्या असतात. या दिवाळीनंतर नव्या सालाचे येईल. त्यात फेब्रुवारीच्या नऊ तारखेवर पहिली खूण करायची आहे, हे तिने भावजयीला आत्ताच सांगून ठेवले आहे.